एएफएलमध्ये 19वा, 20वा संघ हवाच कशाला? (उत्तर)

तुमचा प्रश्न असा की ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, आधीच 18 संघ आहेत. टास्मानिया या बेट-राज्याचा 19वा येतोय आणि 20व्याच्याही गप्पा सुरू झाल्यात. मग दर्जा घसरणार नाही का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. टास्मानियाला हो, आणि तेही फार उशिराने. 20व्याला एवढ्यात नाही.

मी मूळचा पुण्याचा. मेलबर्नच्या पश्चिम भागात राहायला लागून बारा-तेरा वर्षं झाली. इथे नवीन माणसाचं नाव-गाव विचारून झालं की पुढचा प्रश्न असतो, 'कुणाचा?' म्हणजे फुटीमध्ये कोणत्या संघाचा. (फुटबॉल इथे कुणी म्हणत नाही, फुटीच म्हणतात. आपला सॉकर वेगळा, हा वेगळा खेळ.) पहिल्या आठवड्यात ऑफिसात मी 'कुणाचाच नाही' म्हणालो, तर समोरच्याने मला काही आजार असल्यासारखं पाहिलं. शेवटी घर जिकडे तिकडचा संघ, या हिशेबाने मी वेस्टर्न बुलडॉग्जचा झालो. ही बुलडॉग्जची भानगड मुद्दाम सांगतोय, कारण माझं मत तिथूनच बनलंय.

या क्लबचं जुनं नाव फुट्सक्रे. 1989 मध्ये पैसे संपले म्हणून लीगने ठरवलं की फुट्सक्रे आणि फिट्झरॉय यांचा एकच क्लब करून टाकायचा. फुट्सक्रे हा तेव्हा गोदी आणि कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांचा भाग. लोक वर्गणीचे डबे घेऊन रस्त्यावर उतरले, स्टेशनाबाहेर, दुकानांपुढे, दारोदार. काही आठवड्यांत दहा लाखांहून जास्त डॉलर जमले आणि क्लब वाचला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा म्हटलं, अरे, ही तर वर्गणी! गणपतीची पावती फाडायला पोरं येतात तशी. त्याच क्लबने 2016 मध्ये, 62 वर्षांनी, अजिंक्यपद जिंकलं. त्या रात्री फुट्सक्रेत म्हातारी माणसं फुटपाथवर बसून रडताना मी पाहिली आहेत.

फिट्झरॉयचं मात्र तसं झालं नाही. लीगच्या 1897 च्या पहिल्या हंगामातल्या आठ क्लबांपैकी तो एक. 1996 मध्ये त्याला ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीन केलं आणि ब्रिस्बेन लायन्स झाला. शेवटचा सामना 1 सप्टेंबर 1996 ला, तोही पर्थमध्ये, घरापासून तीन हजार किलोमीटरवर. आमच्या जुन्या गल्लीत एक आजोबा होते, फिट्झरॉयचे. त्यांनी त्या दिवसानंतर एएफएलचा एकही सामना पाहिला नाही. शनिवारी ते फिट्झरॉयच्या ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर हौशी लीगचा सामना बघायला जायचे, कारण तिथे अजून त्या नावाचा, त्या रंगांचा एक क्लब खेळतो. एकदा मीही गेलो सोबत. लाकडी जुनं स्टँड, कुत्री फिरवणारी माणसं, थर्मासातला चहा. आजोबा दोन तास त्या पोरांवर ओरडत होते, जणू लाखभर प्रेक्षकांची फायनल चालू आहे.

म्हणून माझी कसोटी एवढीच: या संघासाठी वर्गणी मागायला कुणी दारात उभं राहील का? टीव्ही प्रक्षेपणाचे हक्क, बाजारपेठ, लोकसंख्या हे सगळं त्यानंतर.

या कसोटीवर टास्मानिया पहिल्या फटक्यात पास होतो. तिथे हा खेळ दीडशे वर्षं खेळला जातोय. पीटर हडसन, इयान स्ट्युअर्ट, रॉयस हार्ट, डॅरेल बाल्डॉक, फुटीतले हे दिग्गज सगळे तिथलेच, आणि सगळे दुसऱ्यांच्या जर्सीत मोठे झाले. (आपल्याला ओळखीचा रिकी पाँटिंगही तिथलाच, लॉन्सेस्टनचा.) मेलबर्नची लीग पसरत पसरत पर्थ, ब्रिस्बेन, ॲडलेड, सिडनी करत देशभर गेली आणि समुद्रापलीकडच्या या बेटाला मात्र वगळलं. उलट त्या राज्याच्या सरकारने वर्षानुवर्षं हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न या मेलबर्नच्या क्लबांना पैसे मोजून दरवर्षी काही सामने आपल्याकडे खेळायला लावले. स्वतःच्या शेतात भाड्याची बैलजोडी!

मे 2023 मध्ये एकदाचा परवाना मिळाला, 2028 पासून खेळायचं ठरलं. मार्च 2024 मध्ये टास्मानिया डेव्हिल्स हे नाव जाहीर झालं आणि दहा डॉलरचं संस्थापक सभासदत्व विक्रीला काढलं. राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, आणि सभासद दोन लाखांच्या वर गेले. बाहेरच्यांनीही घेतली असतील. आमच्याच घरात मुलीने एक घेतलंय, बुलडॉग्जचा स्कार्फ गळ्यात घालून. दहा डॉलर म्हणजे काही त्याग नव्हे, मान्य. पण ज्या संघाने एकदाही चेंडू लाथाडलेला नाही त्याची ही वर्गणी आहे.

तरी लीगने यात जे केलं ते मला पटलेलं नाही. अट घातली की राज्याच्या राजधानीत, होबार्टमध्ये, मॅक्वारी पॉइंटला 23,000 प्रेक्षकांचं, छप्पर असलेलं नवं स्टेडियम बांधा, तरच संघ. नदीच्या पलीकडच्या तीरावर बेलेरिव्हचं मैदान आहेच. तुम्हाला आठवत असेल, 2012 मध्ये श्रीलंकेविरुद्ध कोहलीने नाबाद 133 मारून 321 धावांचा पाठलाग 37 षटकांच्या आत संपवला, ते हेच. ते लीगला चालेना. नव्या स्टेडियमचा खर्च 71.5 कोटी डॉलरवरून 113 कोटींपर्यंत गेला. राज्य आधीच कर्जात. नियोजन आयोगाने 'बांधू नका' असा सल्ला दिला, छपराची सावली खेळपट्टीवर पडेल म्हणून क्रिकेटवाल्यांनीही तक्रार केली आणि या सगळ्या गदारोळात 2025 मध्ये तिथे मुदतीआधी निवडणूकसुद्धा झाली. वर्षअखेरीस विधिमंडळाची मंजुरी मिळाली खरी. पण हे म्हणजे मुलगी पसंत आहे, फक्त हुंड्यात बंगला द्या, असं झालं. पन्नास वर्षं ताटकळलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, हे लीगला पक्कं ठाऊक होतं.

आता दर्जाचं. तुमची शंका रास्त आहे. मैदानावर एका बाजूचे 18 खेळाडू, बाकावरचे आणि राखीव धरून प्रत्येक क्लबला चाळीसच्या वर माणसं लागतात. म्हणजे लीगमध्ये आज आठशेच्या घरात खेळाडू आहेत, आणि हा खेळ या एका देशाबाहेर व्यावसायिक पातळीवर कुठेच नाही. क्रिकेटसारखं वेस्ट इंडिज किंवा अफगाणिस्तानातून कुणी आणता येत नाही. नवा संघ आला की ड्राफ्टमध्ये (म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यात) चांगली पोरं आधी त्याला मिळतात. त्याची झळ वरच्या क्लबांना लागत नाही, गुणतक्त्याच्या तळाशी जे चाचपडत असतात त्यांना लागते. आणि नवा संघही लगेच उभा राहत नाही. 2011 ला गोल्ड कोस्ट आला, 22 सामन्यांत 3 विजय. 2012 ला पश्चिम सिडनीचा जीडब्ल्यूएस आला, पहिल्या दोन वर्षांत 44 पैकी 3. रग्बीतला मोठा तारा इस्राएल फोलाऊ भरपूर पैसे देऊन आणला, तो 13 सामने खेळून परत रग्बीत गेला.

मला तेव्हा हटकून पुणे वॉरियर्स आठवायचे. 2011 मध्ये आयपीएलमध्ये आले, पहिल्या वर्षी 'घरचे' सामने खेळले नवी मुंबईत, आणि 2013 नंतर गायब. पुण्यात कुणी हळहळलं का? माझ्या तरी ओळखीत नाही. फरक इतकाच की एएफएलने आपल्या दोन्ही पोरांना सोडलं नाही, पैसे ओतत राहिले. जीडब्ल्यूएस 2019 मध्ये फायनलला पोचला (तिथे रिचमंडने 89 गुणांनी तुडवलं, तो भाग वेगळा). गोल्ड कोस्टला पहिली बाद फेरी गाठायला 2025 उजाडलं. पंधरा हंगाम! वरून लादलेला संघ रुजतच नाही असं म्हणता येत नाही. पण किंमत किती, तर एवढी.

20व्या संघाचं मुख्य समर्थन असं की 19 हा विषम आकडा, दर आठवड्याला कुणीतरी घरी बसणार. 20 झाले की आठवड्याला दहा सामने, वाहिन्याही खूश. अहो, पण 1991 ते 1994 लीगमध्ये 15 संघ होते, 2011 मध्ये 17 होते. आभाळ कोसळलं नाही. एक आठवडा सुट्टी मिळाली तर खेळाडूंचे गुडघे दुवाच देतील. वेळापत्रकातली खिडकी बुजवायला कुणी क्लब काढतं का?

नावं तीन-चार फिरतात. पर्थचा तिसरा संघ: पैसा आहे, खेळाडू आहेत, पण तिथला माणूस वेस्ट कोस्ट किंवा फ्रिमँटलचा आधीच झालेला आहे. तो आता कुणासाठी डबा फिरवणार? कॅनबेरात जीडब्ल्यूएस दरवर्षी काही सामने खेळतो, म्हणजे पुन्हा भाड्याची बैलजोडी. तिथल्या लोकांना स्वतःचा संघ हवा असेल तर मला नवल वाटणार नाही. माझं मन मात्र डार्विनकडे ओढतं. उत्तरेतल्या आदिवासी वस्त्यांतून आलेली पोरं हा खेळ ज्या सहजतेने खेळतात ते प्रत्यक्ष बघायलाच हवं, आणि वर्गणीची कसोटी ते लोक कधीच पास झालेत. पण डार्विन दीड लाखाच्या आतबाहेरचं गाव, क्लब चालवायला लागणारा पैसा तिथे नाही, आणि त्यांची स्थानिक लीग ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळ्याच्या महिन्यांत, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, चालते, इतरांच्या बरोबर उलट. तिथे संघ काढायचा तर लीगने आधी सांगावं की पंधरा नव्हे, तीस वर्षं आम्ही तोटा सोसू. तसं लेखी दिलं तर माझा होकार आजच धरा.