साकाताचं होम्मा संग्रहालय: "सगळं कन्फर्म आहे" वर विसंबू नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुना राग वर आला. फेब्रुवारीच्या शेवटी आई-बाबांना घेऊन जपानमधल्या साकाता या बंदराच्या गावी जायचं, तिथल्या होम्मा या जुन्या श्रीमंत घराण्याच्या वस्तू आणि हिना बाहुल्या (मार्चमधल्या मुलींच्या सणाला मांडतात त्या) बघायच्या, आणि बुकिंगवाला म्हणतो, "होम्मा हाउस उघडंच असतं, सगळं कन्फर्म आहे." आम्हालाही जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं.

आधी त्याला विचारा, कुठलं होम्मा हाउस? साकातात दोन आहेत. एक जुनं राहतं घर, 1768 सालचं. शोगुनचे (तेव्हाच्या जपानच्या लष्करी राज्यकर्त्याचे) तपासणी अधिकारी उतरावेत म्हणून बांधलेलं, त्यामुळे दर्शनी भाग सामुराई थाटाचा आणि मागे व्यापाऱ्याचं घर. दारावर झुकलेला म्हातारा पाइन बघण्यासारखा आहे. पण खजिना इथे नाही. तो होम्मा कला संग्रहालयात, साकाता स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर. दोन्हींची तिकिटं वेगळी, सुट्ट्याही वेगळ्या.

मुंबईतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसने (नाव घेत नाही) जुन्या घराचं कॅलेंडर बघितलं आणि आमच्या कागदावर संग्रहालय लिहिलं. आम्ही पोचलो तेव्हा दालनं तेन्जिगाएसाठी, म्हणजे जुनी मांडणी उतरवून नवी लावायला, बंद. सासूबाईंचे गुडघे, बाहेर बर्फ, आणि दारावर नम्र पाटी. फोन केला तर ऑफिस म्हणालं, "मॅडम, आमच्या सिस्टीमला ओपन दाखवतंय." सिस्टीमला! मेलवर मेल केले, प्रत्येक वेळी "तक्रार नोंदवली आहे". पैसे परत नाहीत ते नाहीतच. माझा अनुभव एका ऑफिसचा आहे, सगळेच तसे असतील असं नाही. पण छोट्या संग्रहालयाची चौकशी दुसऱ्यावर सोडू नये, हे माझं ठाम मत.

संग्रहालयाच्या जपानी पानावर जा, फोनच्या भाषांतराने वाचा, आणि 'क्यूकान' (बंद) नि 'तेन्जिगाए' हे दोन शब्द शोधा. इंग्रजी पानांवर हे तपशील बरेचदा नसतात. बाहुल्या हव्या असतील तर मार्च धरा. साकातात ही मांडणी साधारण मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत असते. फेब्रुवारीचा शेवट म्हणजे नेमका दोन मांडण्यांमधला खड्डा. एखादं विशिष्ट चित्र मनात असेल तर तेही त्या आठवड्यात लागलंय का बघा. कागद नि रेशीम उजेडाने विटतं, म्हणून जपानात महत्त्वाच्या सांस्कृतिक वस्तू साधारणपणे वर्षाला 60 दिवसांहून जास्त मांडत नाहीत.

आम्ही पुढे पुन्हा गेलो, आणि ते सार्थकी लागलं. होम्मा म्हणजे किनारी जहाजांच्या व्यापारावर मोठे झालेले सावकार-जमीनदार. त्यांची बरोबरी जमणार नाही, निदान दाइम्यो (प्रांताचा सरदार) तरी व्हावं, असं लोक गमतीने म्हणत. शोनाईच्या साकाई, योनेझावाच्या उएसुगी अशा सरदारांना ते पैसा पुरवत, आणि त्या घराण्यांकडून मिळालेल्या भेटी आज काचेमागे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जमीनसुधारणेत शेती गेली, 1947 मध्ये संग्रहालय उघडलं. तुमच्यापैकी जे शेअर बाजारात कँडल (भावाच्या चढउताराचे आलेख) बघून सौदे करतात त्यांच्यासाठी: त्या पद्धतीचं श्रेय परंपरेने ज्यांना देतात ते तांदळाचे व्यापारी मुनेहिसा याच घराण्यातले.

मला स्वतःला वस्तूंपेक्षा संग्रहालयाच्या आवारातली बाग आणि सेइएन्काकू हा बंगला आवडला. दोन्ही 1813 ची. हिवाळ्यात बंदरातल्या हमालांना काम मिळावं म्हणून चौथ्या पिढीच्या प्रमुखाने हे काढलं. बागेतले दगड साडो बेटावरून, दूरच्या इयो प्रांतातून जहाजांनी आलेले. आकाश मोकळं असेल तर मागे चोकाई पर्वत दिसतो. बंगल्यात बूट काढून फिरावं लागतं, जाड मोजे न्या.

अजून एक. नीगाता शहराहून साकाताला येणारी इनाहो एक्सप्रेस गाडी हिवाळ्यात वाऱ्यामुळे रद्द होते किंवा रखडते. 2005 च्या डिसेंबरमध्ये ती वादळी झोतात रुळांवरून घसरली होती, पाच माणसं गेली, तेव्हापासून रेल्वे जास्तच सावध असते. त्यामुळे साकाताहून परतून त्याच संध्याकाळी टोकियोहून सुटणारं विमान पकडायचं असा बेत करू नका. किंवा टोकियोच्या हानेदा विमानतळाहून साकाताजवळच्या शोनाई विमानतळापर्यंत तासाभराचं विमान घ्या. वयस्कर माणसांना तेच बरं, अर्थात बर्फात तेही चुकतं.

नवीन तारखा ठरल्या की इथे टाका. जपानी पानावरचं वेळापत्रक मी बघून सांगते.