पहिली एआर-१५ घेतलीस ना, मग आधी हे वाच

अमेरिकेत पहिली रायफल घेतलीस, अभिनंदन भावा! पण रेड डॉट (नेम धरायचं साइट), ग्रिप, लाइट असल्या सामानावर डॉलर उधळायच्या आधी बॅरलवर (नळीवर) कुठल्या गोळीचं नाव कोरलंय ते बघ. ५.५६ नाटो असेल तर .२२३ रेमिंग्टन पण चालते, उलटं मात्र करू नकोस, .२२३ च्या चेंबरमध्ये (गोळी बसते त्या खाचेत) ५.५६ घातली की प्रेशर जास्त होऊ शकतं. दुसरं म्हणजे तेल. माझी रायफल पहिल्याच दिवशी नेमबाजीच्या रेंजवर तिसऱ्या मॅगझिनला (गोळ्यांच्या पेटीला) अडकायला लागली, मी आपला दुकानदाराला शिव्या घालतोय आणि शेजारच्या लेनमधले टेक्सन आजोबा शांतपणे विचारतात, बोल्ट कॅरियरला (आत मागेपुढे सरकतो त्या भागाला) तेल लावलंस का? (कुठलं लावतोय!) मॅगझिन काढलं म्हणजे रिकामी झाली असं समजू नकोस, चेंबरमध्ये एक राहिलेली असू शकते, चार्जिंग हँडल (मागची ओढायची मूठ) मागे ओढून डोळ्यांनी बघ, बोटानेही चाचपून बघ. घरात पोरं असतील तर कपाटात साड्यांमागे वगैरे अजिबात नाही, कुलपाची सेफच घे. आणि एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वाला मित्र रेंजवर 'दे ना, दोन मारतो' म्हणाला तर लगेच हातात देऊ नकोस, फेडरल कायद्यात त्याला बंदूक बाळगायला मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्याचं वेगळं.