खासगी गाडी घेताय? मग गावं मोजकी ठेवा

स्वित्झर्लंडमध्ये ड्रायव्हरसह खासगी गाडी भाड्याने घेऊन एका दिवसात सहा गावं होतील का, असं विचारलंत. तुमच्या यादीतली सहाही गावं होतील, पण गाडीच्या काचेतूनच. इंटरलाकेनहून निघणार असाल तर लाउटरब्रुनेनचं खोरं धरा, फार तर त्याला ग्रिंडेलवाल्ड जोडा.

ड्रायव्हर ठरवण्याआधी एक लक्षात घ्या: म्युरेन आणि वेंगेन या गावांत पर्यटकांच्या गाड्या जातच नाहीत. म्युरेनसाठी श्टेखेलबर्गला गाडी ठेवून रोपवेने वर जायचं, वेंगेनला लाउटरब्रुनेनहून रेल्वेने. ही तिकिटं भाड्यात धरली आहेत का, ते लेखी विचारून घ्या. बऱ्याचदा नसतात, आणि स्वस्त तर मुळीच नसतात!

सकाळी लवकर निघा; उन्हाळ्यात दुपारनंतर शिखरांवर ढग जमतात. श्टाउबबाख धबधबा जवळपास ३०० मीटरचा, लाउटरब्रुनेन गावातूनच दिसतो, त्याला वेगळा वेळ नको. जेवण दोनच्या आत उरका, नंतर अनेक हॉटेलांचं स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत बंद असतं. थेपले जवळ असू द्या, लाजू नका.

सोबत १२ वर्षांखालचं, दीड मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल असेल तर चाइल्ड सीट कायद्याने लागते. बुकिंग करतानाच सांगा.