नाशिकला मेडिसिन वॉर्डात नर्स आहे. टीबीपासून बचावाला सर्जिकल मास्क पुरतो का?

नाही. सर्जिकल मास्क पेशंटला लावा, खोकल्यातले थेंब तिथेच अडतात. तुम्हाला एन-९५ हवा. टीबीचे जंतू १ ते ५ मायक्रॉनच्या कणांतून हवेत तासन्‌तास तरंगतात आणि सैल मास्कच्या कडेने सरळ आत येतात. एन-९५ लावल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर तो नीट बसलेला नाही. दाढीवर तर बसतच नाही.

खरी भीती निदान होऊन औषध सुरू झालेल्या पेशंटची कमी, 'साधा खोकला' म्हणून दाखल झालेल्याची जास्त. त्यात डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत वॉर्डाच्या खिडक्या बंद होतात आणि हवा तुंबते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्याच ठेवा, पेशंटला हवं तर एक ब्लँकेट जास्त द्या. थुंकीचा नमुना मोकळ्या जागेत घ्या. बाथरूममध्ये घेणं सर्वांत वाईट, आणि नेमकं तेच सर्रास चालतं.

लहानपणीच्या बीसीजी लसीवर विसंबू नका. स्वतःला दोन आठवडे खोकला राहिला, तर कफ सिरप पीत न बसता थुंकी सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचणीला द्या. मधुमेह असेल तर जास्तच जपा.