नलाबोरच्या किनाऱ्याने एकटीने : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका असून माझे वय ६१ आहे. मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला आणि भाची ॲडलेडला राहते. येत्या ऑगस्टमध्ये कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन पर्थहून ॲडलेडपर्यंत किनाऱ्याच्या बाजूने एकटीने जावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. गाडी चालवण्याची चांगली सवय आहे, घाटरस्तेही अंगवळणी पडले आहेत. मुलगा मात्र ‘आई, तिकडे मैलोन् मैल माणूस दिसत नाही’ असे म्हणून ठाम नकार देतो. मी हट्ट सोडावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हट्ट सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु मुलाच्या काळजीचीही बूज राखावी, कारण तो म्हणतो ते खोटे नाही. आपल्या मार्गाचा गाभा म्हणजे नलाबोर या जवळजवळ निर्मनुष्य, चुनखडीच्या सपाट प्रदेशातून जाणारा नोर्समन ते सेडुना हा एअर (Eyre) महामार्गाचा सुमारे १,२०० किलोमीटरचा टप्पा. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या दीडपटीहून लांब अशा या रस्त्यावर एकही शहर नाही. मध्ये भेटतात ती फक्त रोडहाउसे, म्हणजे पेट्रोलपंप, खाणावळ आणि मुक्कामाची सोय एकत्र असलेली ठाणी. नोर्समनहून निघाल्यावर पहिले ठाणे, बॅलडोनिया, सुमारे १९० किलोमीटरवर आहे आणि त्याच्या पुढचे कायगुना आणखी सुमारे १८० किलोमीटरवर. म्हणून टाकी अर्धी असली तरी प्रत्येक ठाण्यावर इंधन भरून घ्यावे, मग दर कितीही चढा असो.

मात्र धोका नेमका कोठे आहे, हे मुलाला आणि स्वतःलाही नीट समजावून द्यावे. रस्ता १९७६ मध्ये पूर्ण डांबरी झाला असून तो उत्तम आहे. वाहने आपल्याकडच्याप्रमाणे डावीकडूनच चालतात आणि मालवाहू ट्रकांची ये-जा रात्रंदिवस असते. गाडी बंद पडून आपण बाजूला उभ्या राहिलात, तर कोणी ना कोणी थांबून विचारपूस करण्याचीच शक्यता अधिक. खरा धोका दोन गोष्टींचा आहे : थकव्याचा आणि तिन्हीसांजेचा.

आधी थकव्याविषयी लिहितो. बॅलडोनिया आणि कायगुना यांच्या दरम्यान १४६.६ किलोमीटरचा रस्ता एकही वळण न घेता सरळ जातो. समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला; त्याचा अनुभव येथे पहिल्या अर्ध्या तासातच येऊ लागतो. दोन्ही बाजूंना तीच करडी झुडपे, समोर तीच काळी रेघ आणि हातातील चक्र तसूभरही फिरवावे लागत नाही. डोळे उघडे असतात, पण मन रस्त्यावर राहत नाही. घाटात वळणेच चालकाला जागे ठेवतात, त्यामुळे घाटातील सफाईचा येथे फारसा उपयोग होत नाही. दर दीड तासाने गाडी विश्रांतिस्थळावर घ्यावी, खाली उतरून दहा मिनिटे चालावे आणि जेवणानंतर लगेच चक्राशी बसू नये. शेजारी बोलणारे कोणी नसल्यामुळे हा नियम आपल्याला इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळावा लागेल.

तिन्हीसांजेची गोष्ट त्याहून गंभीर आहे. ऊन उतरले की कांगारू चरायला रस्त्याच्या कडेला येतात, आणि दिव्यांच्या झोतात बिचकलेला कांगारू कोणत्या दिशेला उडी घेईल, हे सांगता येत नाही. त्यामुळेच दुर्गम भागात अंधार पडल्यावर गाडी चालवल्यास विमा लागू होणार नाही, अशी अट कित्येक भाडेकरारांत असते; ती सही करण्यापूर्वी वाचावी. येथे घड्याळही फसवते. ऑगस्टमध्ये कायगुनाच्या परिसरात पर्थच्या वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. पुढे हद्दीजवळच्या युक्ला या ठाण्याच्या पट्ट्यात लोक पर्थच्या पाऊण तास पुढची, म्हणजे भारताच्या सव्वातीन तास पुढची स्वतःची वेळ पाळतात, आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याची हद्द ओलांडून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरले की घड्याळ आणखी पाऊण तास पुढे जाते. तेव्हा किती वाजले याकडे न पाहता, सूर्य मावळण्यापूर्वी तासभर तरी मुक्कामाला पोहोचायचे, असाच हिशेब ठेवावा.

हा हिशेब धरला तर नोर्समन ते कायगुना, कायगुना ते युक्ला, युक्ला ते नलाबोर रोडहाउस आणि तेथून सेडुना असे मुक्काम सोयीचे पडतात. पहिले दोन दिवस साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे आहेत, तिसरा जेमतेम दोनशेचा. तो मुद्दाम छोटा ठेवावा, कारण समुद्र खऱ्या अर्थाने त्याच दिवशी रस्त्याजवळ येतो. पहाटे घाई करू नये. आपण पूर्वेकडे जाणार, म्हणजे उगवतीचे ऊन थेट डोळ्यांवर येणार. सकाळी गाड्यांखाली मेलेल्या कांगारूंवर मोठे गरुड उतरलेले असतात. भरपेट खाल्लेला गरुड चटकन उडू शकत नाही आणि काचेच्या उंचीवरूनच रस्ता ओलांडतो, तेव्हा तो दिसताच वेग कमी करावा.

मोफत विश्रांतिस्थळांवर रात्र काढण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी आहे, पण पहिल्या प्रवासात एकटीने रोडहाउसच्या आवारातच थांबावे, असे मी सुचवेन. तेथे दिवा असतो, गरम पाण्याची अंघोळ मिळते आणि मुख्य म्हणजे आपण पोहोचल्याचे कोणाला तरी ठाऊक असते. दोन ठाण्यांच्या मध्ये मोबाइल बहुतेक वेळ मुका असतो. यासाठी उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवणारे ‘पर्सनल लोकेटर बीकन’ भाड्याने घेऊन अंगावरच्या खिशात ठेवावे. महामार्गाचे काही सरळ तुकडे रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस या विमानाने वैद्यकीय मदत पोहोचवणाऱ्या सेवेच्या विमानांसाठी धावपट्टी म्हणून आखलेले आहेत. त्यांच्या पांढऱ्या पट्ट्या दिसतील तेव्हा मुलाला छायाचित्र काढून जरूर पाठवावे; माणूस नसला तरी व्यवस्था आहे, हे त्याला त्यावरून कळेल. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी रोडहाउसमधून फोन करण्याचा शब्द त्याला द्यावा आणि तो पाळावा.

आपण निवडलेला ऑगस्ट महिना योग्यच आहे. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, हे धाडस करू नये. डिसेंबर २०१९ मध्ये नलाबोर येथे ४९.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले आहे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. व्हॅनमध्ये स्वयंपाक करता येईल का? राज्याच्या हद्दीवर भाजी काढून घेतात, हे खरे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खरे आहे, आणि त्यात रागावण्यासारखे काही नाही. फळमाशीसारख्या किडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ नयेत, यासाठी ही तपासणी आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्यांची तपासणी हद्दीवरच बॉर्डर व्हिलेजला होते, पूर्वेकडे जाणाऱ्यांची सेडुनाला. ताजी फळे आणि भाज्या तेथे द्याव्या लागतात. कढीपत्त्याची जुडी आणि घरची मिरचीही त्यातच आली. पश्चिमेकडे जाताना मधही नेता येत नाही. लपवून नेल्यास दंड होतो. पर्थहून निघणाऱ्यांनी भाजी बेताचीच घ्यावी आणि शेवटचे कांदे-टोमॅटो नलाबोर रोडहाउसच्या मुक्कामात संपवावेत. सेडुनाला सुपरमार्केट आहे, पुढचा भरणा तेथे करता येतो.

रोडहाउसमध्ये शाकाहारी माणसाला बटाट्याचे तळलेले काप आणि टोस्ट यांपलीकडे फारसे काही मिळेल, ही आशा ठेवू नये. डाळ, तांदूळ, पोहे, मेतकूट आणि लहान कुकर एवढे जवळ असले की निभते. शेगडी गॅसवर चालते, म्हणून स्वयंपाक करताना व्हॅनची खिडकी आणि छताचा झरोका उघडा ठेवावा, मग बाहेर कितीही थंडी असो. उबेसाठी शेगडी पेटती ठेवून झोपण्याचा विचारही करू नये. बंद जागेत साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

पाण्याबाबत मात्र मी अधिक आग्रही आहे. हा सारा प्रदेश चुनखडीचा आहे. पाऊस थोडा, आणि पडलेले पाणी जमिनीत मुरून जाते, नदी म्हणून वाहत नाही. रोडहाउसे पावसाच्या साठवलेल्या किंवा खारटपणा काढलेल्या पाण्यावर चालतात, त्यामुळे तेथे व्हॅनची टाकी भरून मिळेल, असे गृहीत धरू नये. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन एअर याने याच किनाऱ्याने पायी प्रवास केला. वायली नावाचा आदिवासी तरुण अखेरपर्यंत त्याच्या सोबत होता, आणि वाळूच्या टेकड्यांत कोठे खणले असता पाणी लागते, हे येथील आदिवासींना ठाऊक होते, म्हणूनच तो तरला. महामार्गाला नाव मात्र एकट्या एअरचे मिळाले, याची खंत वाटते. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला किमान पाच लिटर धरावे आणि ते टाकीत न ठेवता वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे.

प्रश्न : व्हेल मासे नक्की कोठे दिसतात? कड्यांच्या टोकापर्यंत जाता येते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नलाबोर रोडहाउसच्या पूर्वेला काही किलोमीटरवर हेड ऑफ बाइट या समुद्रकाठच्या व्हेलदर्शनाच्या जागेकडे जाणारा डांबरी फाटा फुटतो. तेथे साधारण जून ते ऑक्टोबर या काळात सदर्न राइट जातीच्या व्हेल माद्या पिलांना जन्म देण्यासाठी आणि वाढवण्यासाठी येतात. या संथ देवमाशांची एकेकाळी एवढी शिकार झाली की त्यांचा वंश संपत आला होता. आज त्या किनाऱ्याला लागून निर्धास्त पहुडलेल्या दिसतात, ही संरक्षणाची मोठी कमाई आहे. लाकडी सज्जावर किमान दोन तास काढावेत. आरंभी पाण्यावर नुसता काळा खडक असल्यासारखे वाटते. मग त्याच्या डोक्यावरचे पांढरट खरबरीत चट्टे दिसतात, फवारा उडतो आणि बाजूला एक लहान पाठ वर येते. व्हेल सस्तन प्राणी असल्यामुळे पिलू आईच्या अंगाला चिकटूनच श्वास घ्यायला वर येत असते.

कड्यांबाबतचे उत्तर तेवढेच स्पष्ट आहे : टोकापर्यंत जाऊ नये. नलाबोरच्या किनाऱ्यावरचे हे बंडा नावाचे कडे सुमारे ६० ते १२० मीटर उंच असून समुद्राने त्यांचा पाया आतून पोखरला आहे. आपण उभे असतो त्या दगडाखाली काही आहे की नाही, हे वरून कळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी कठडाही नाही. ठरवून दिलेल्या जागांवरूनच पाहावे. तेथूनही कड्यांची लांबवर गेलेली रांग दिसते. व्हॅन वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे, कारण मागून आलेला वारा दार हिसकावून बिजागरी वाकवतो, आणि असे नुकसान विम्यात बसते की नाही, हे करारात आधीच पाहून घ्यावे.