लेझरने घोरणं आणि स्लीप अ‍ॅप्निया बरा होतो का? (वडील ५८ वर्षांचे, दादरच्या एका क्लिनिकने लेझर सुचवलंय)

आधी स्लीप स्टडी (झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी) करून घ्या, त्याशिवाय लेझरला हो म्हणू नका. नुसतं घोरणं आणि अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज रात्री त्यांच्या उशाशी जरा वेळ बसा. घोरणं मध्येच थांबतं का? छाती-पोट हलतंय पण नाकातोंडातून हवा येत नाही, आणि मग एकदम धाप लागल्यासारखा मोठा श्वास? तसं असेल तर तो बहुतेक अ‍ॅप्नियाच. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, फार उपयोग होतो. दिवसा लोकलमध्ये बसल्या बसल्या डोळा लागतो का, बीपी आहे का, हेही सांगा.

लेझरने पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग कापून आखडवतात. आवाज कमी होऊ शकतो, पण श्वास जिभेच्या मुळाशी अडत असेल तर तो अडतच राहतो. मला खरी भीती याचीच वाटते: घोरणं थांबलं म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि आत ऑक्सिजन घसरतच असतो. शिवाय घसा बरेच दिवस चांगलाच दुखतो. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनेही अ‍ॅप्नियासाठी ही शस्त्रक्रिया नको असंच सांगितलंय.

स्लीप स्टडीत तासाला श्वासाचे अडथळे १५ च्या वर निघाले तर सीपॅप मशीनच (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) पहिला उपाय. वजन उतरवणं, दारू बंद, कुशीवर झोपणं हे सोबत हवंच. दुसरं मत हवं असेल तर केईएम, नायर किंवा सायनच्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखवा.