हल्ला झाला की सामान्य मुसलमान गप्प का बसतात?

गप्प बसत नाही, दादा. पण आमचं बोललेलं तुमच्यापर्यंत पोचत नाही, हेही खरं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपुरात सक्करदऱ्याला माझं शिवणकामाचं दुकान आहे, ताजबागच्या दर्ग्यापासून जवळच. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली. धर्म विचारून मारली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्राची. त्या संध्याकाळी मशीन चालवायला मन होईना. गुरुवारी रात्री मोहल्ल्यातली पोरं आली. "चाचा, उद्या जुम्म्याला सगळे काळ्या फिती लावून राहिले. कापड आहे का?" कोटाचं काळं अस्तर होतं. दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या. अस्तराचे दोरे लगेच सुटतात, म्हणून कडा दुमडून प्रत्येकीला टीप मारत बसलो. बाजूला फॉल-पिकोचं काम करणाऱ्या वहिनींनी सेफ्टी पिनांचा अख्खा डबा आणून दिला आणि न सांगता कात्री हातात घेतली. रात्री बारा वाजले.

दुसऱ्या दिवशी इमामसाहेबांनी बयानात स्पष्ट सांगितलं की एका निरपराध माणसाला मारणं म्हणजे सगळ्या माणुसकीला मारणं, कुरआनात असंच आहे. पर्यटकांना वाचवताना मारला गेलेला तिथला घोडेवाला, सय्यद आदिल हुसैन शाह, त्याच्यासाठी आणि मेलेल्या सगळ्यांसाठी दुआ झाली. पण बयान उर्दूत, मशिदीच्या आत. ऐकणाऱ्यांना ते आधीच पटलेलं. हेच मराठीत, बाहेर चौकात सांगायला पाहिजे होतं, ते राहिलं. ही चूक मी मान्य करतो.

मोठ्या पातळीवरही हे नवीन नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये देवबंदच्या मोठ्या मदरशात देशभरातले उलेमा, म्हणजे धर्मपंडित, जमले आणि त्यांनी दहशतवाद इस्लामविरोधी ठरवला. त्याच वर्षी 31 मे ला दिल्लीत रामलीला मैदानावर तसा फतवा वाचून दाखवला. आम्ही दर्ग्याला मानणारी माणसं, देवबंदवाल्यांशी आमचं अनेक बाबतीत पटत नाही. यात मात्र दुमत नव्हतं.

त्यानंतर सहा महिन्यांत 26/11 झालं. त्या वेळी मुंबईच्या मुसलमानांनी जे केलं, त्याचं वजन बाहेरच्यांना कळलं नाही असं मला अजून वाटतं. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला जामा मशीद ट्रस्टनं नकार दिला. आमच्यात जनाजा हा फर्ज-ए-किफाया. म्हणजे वस्तीतल्या काहींनी केला तर सगळ्यांचं फिटलं, कोणीच केला नाही तर सगळे गुन्हेगार. बेवारस मयतीलाही अनोळखी माणसं खांदा देतात. अशा समाजानं मातीला नाही म्हणणं म्हणजे काय, विचार करा. प्रेतं वर्षभराहून जास्त जे.जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिली. शेवटी जानेवारी 2010 मध्ये सरकारनं गुपचूप पुरली, आणि ते तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी एप्रिलमध्ये सांगितलं.

यावरून आमच्या घरात भांडण झालं होतं. मोहल्ल्यात मयत झाली की कफनाचं कापड माझे अब्बा फाडून द्यायचे, मर्दाला तीन कपडे, मापात. ते म्हणाले, "माझ्या हातानं त्यांचं कफन फाटणार नाही. पण मातीला नाही म्हणायचा हक्क आपला नाही." मी म्हणालो, सीएसटीवर गोळ्या खाऊन पडलेल्यांत आपलेही होते, त्यांच्या शेजारी यांना झोपवायचं? दोन दिवस आम्ही एका दुकानात बसून एकमेकांशी बोललो नाही. अब्बा आता नाहीत. मी आजही ट्रस्टच्याच बाजूनं आहे, पण अब्बांचं म्हणणं मनातून जात नाही.

राहिला तुमचा प्रश्न विचारण्याचा हक्क. विचारा. त्रास प्रश्नाचा होत नाही. वीस वर्षं ज्याच्या पँटी शिवल्या तो गिऱ्हाईक हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी माझा चेहरा तपासतो, त्याचा होतो. फीत मी मेलेल्यांसाठी लावली होती, त्याला पुरावा द्यायला नाही.

आणि आमच्यातही एक रोग आहे. प्रत्येक हल्ल्यानंतर दोन-चार जण "हे सगळं कोणाचं तरी कारस्थान" असं मोबाइलवर फिरवतात. पहलगामनंतर माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोरानं असाच एक व्हिडिओ दाखवला. मी कात्री खाली ठेवली, त्याला समोर बसवलं आणि त्या सहा मराठी माणसांची नावं पेपरातून मोठ्यानं वाचायला लावली. तिसऱ्या नावाला त्याचा आवाज खाली आला. व्हिडिओ त्यानं पुसला. त्याला पुरतं पटलं का, ते मी सांगू शकत नाही. मी अजून त्याच्याशी बोलतो आहे.